युद्धहेतू : नैतिक व आर्थिक

राष्ट्राला युद्धाच्या निर्णयाप्रत नेणाऱ्या प्रेरणा. युद्धाला तोंड फुटते ती घटना म्हणजे निमित्त. हेतू बहुधा त्याहून जुना असतो. भय, प्रतिष्ठा व लाभ ही प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझने अथेन्सच्या दूतांच्या तोंडी घातलेली त्रयी आजही प्रमाण मानली जाते.

भारतीय परंपरेत कौटिलीय अर्थशास्त्राने धर्मविजयी, लोभविजयी व असुरविजयी असे तीन प्रकारचे विजेते सांगितले आहेत. पहिला शत्रूच्या शरणागतीने संतुष्ट होतो, दुसरा भूमी व द्रव्य घेतो, तर तिसरा त्याखेरीज पुत्र, स्त्रिया व प्राणही हरण करतो. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील ‘धर्मविजय’ मात्र शस्त्राविना मिळवायचा असल्याने दोन्ही संज्ञा एक मानता येत नाहीत. त्यांपैकी आधीची कोणती व नंतरची कोणती, हे अर्थशास्त्राच्या कालनिर्णयावर अवलंबून आहे. अर्थशास्त्राचे अभ्यासक र. पं. कंगले ग्रंथ मौर्यकालीन मानतात. दुसरे अभ्यासक ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दांच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून तो अनेक हातांचा ठरवला. सध्याचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रंथाचा व्यवहारी कौल मात्र स्पष्ट आहे : संधी (तह) व विग्रह (युद्ध) यांत लाभ सारखाच असेल तर संधी करावा, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास व प्रत्यवाय (विघ्ने) असतात.

नैतिक व आर्थिक हे दोन्ही हेतू एकमेकांत कसे मिसळतात, हे ब्रिटन व चीन यांच्यातील पहिल्या अफू युद्धात (१८३९–४२) लख्ख दिसते. ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन यांनी ब्रिटिश संसदेत त्याला अन्यायी म्हटले, तरी सरकारविरोधी ठराव अवघ्या ९ मतांनी फेटाळला गेला. युद्ध संपवणाऱ्या नानकिंगच्या तहात चीनवर २ कोटी १० लाख डॉलर लादले गेले : युद्धखर्च १ कोटी २० लाख, व्यापाऱ्यांचे कर्ज ३० लाख आणि अफूची किंमत ६० लाख. हे ६० लाख मागताना कलमात शब्द आहेत ते कैदेतील ब्रिटिश प्रजाजनांच्या प्राणांसाठी दिलेल्या खंडणीचे. मालाची भरपाई आणि प्राणरक्षणाची भाषा एकाच वाक्यात आली आहे.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ हॉब्सन यांनी १९०२ मध्ये साम्राज्यवादाचे मूळ परदेशी गुंतवणूक शोधणाऱ्या अतिरिक्त भांडवलात दाखवले. लेनिनने तोच धागा पुढे नेला. अर्थतज्ज्ञ शुम्पेटर यांनी १९१९ मध्ये उलट सरंजामी लढाऊ वर्गाच्या जुन्या सवयींवर बोट ठेवले. लाभ थोड्यांचा व खर्च साऱ्या राष्ट्राचा, हे हॉब्सन यांचे निरीक्षण मात्र दोन्ही मीमांसांच्या वादापलीकडे टिकते. हा खर्च लोकांनी सोसावा म्हणून नैतिक कारण लागते. ते नेहमी मुखवटाच असते असे नव्हे. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरावे की नाही यावर द्विधा झालेले ब्रिटिश मंत्रिमंडळ बेल्जियमच्या तटस्थतेच्या प्रश्नावर बव्हंशी एकवटले. शेवटी मॉर्ली व बर्न्स हे दोनच मंत्री बाहेर पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने (१९४५) बळाचा वापर निषिद्ध करून कलम ५१ अन्वये स्वसंरक्षणाचा हक्क राखून ठेवला. तेव्हापासून आर्थिक हेतू उघड सांगणे दुर्मीळ झाले आहे. १९९० मध्ये इराकची कुवेतशी तक्रार कर्ज, तेलाचे जादा उत्पादन व सीमेवरील रुमैला तेलक्षेत्र यांवरून होती. आक्रमणानंतर त्याच महिन्यात कुवेत हा मूळचा इराकचाच भाग असल्याचे सांगून तो एकोणिसावा प्रांत घोषित झाला.