कॅन्ससची विद्यार्थी वृत्तपत्रे : कायदा, शिक्षक आणि राज्य संघटना

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने १९९२ मध्ये विद्यार्थी प्रकाशनांविषयी जो कायदा केला, त्यातील एका तरतुदीकडे बाहेरच्या वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. विद्यार्थ्यांच्या लेखनस्वातंत्र्यावर गदा आणण्यास नकार दिला म्हणून सल्लागार शिक्षकाला नोकरीवरून काढता येणार नाही, त्याची बदली करता येणार नाही आणि वृत्तपत्राची जबाबदारीही त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, असे ती तरतूद सांगते. विद्यार्थ्यांच्या हक्कांच्या कायद्यात शिक्षकाच्या नोकरीचा विषय का यावा, हे समजून घ्यायचे तर जवळपास शंभर वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेतील हायस्कूलचे वृत्तपत्र आणि आपल्या शाळांचा वार्षिक अंक यांत फरक आहे. तेथे अनेक शाळांमध्ये पत्रकारिता हा वेळापत्रकातला विषय असतो, त्याला गुण असतात आणि त्या तासाचे काम म्हणूनच विद्यार्थी वर्षभर वृत्तपत्र व ‘इयरबुक’ काढतात. हे काम पाहणारा शिक्षक शाळेत बहुधा एकटाच असतो. गणिताच्या शिक्षकाला शेजारच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक सापडतो; पत्रकारितेच्या शिक्षकाला तशी सोय नसते. बरेचदा तो मुळात इंग्रजीचा शिक्षक असतो आणि बातमी, मांडणी, जाहिराती, छपाईचे अंदाजपत्रक हे सारे त्याला कामावर रुजू झाल्यानंतरच शिकावे लागते.

हे एकाकीपण ओळखून १९२० च्या दशकात शालेय पत्रकारितेच्या संघटना उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात राष्ट्रीय शालेय संघटना निघाली, १९२२ मध्ये इंडियानातील फ्रँकलिन महाविद्यालयात त्या राज्याची संघटना सुरू झाली, १९२४ मध्ये पत्रकारितेच्या शिक्षकांची स्वतंत्र संघटना आली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानेही त्याच सुमारास आपली संघटना काढली. पुढे जनमत चाचण्यांमुळे जगभर नाव झालेले जॉर्ज गॅलप यांनी १९२६ मध्ये आयोवा विद्यापीठात ‘क्विल अँड स्क्रोल’ ही गुणवंत विद्यार्थी पत्रकारांची संस्था स्थापन केली. यांतील बहुतेक संस्था विद्यापीठांच्या आश्रयाने वाढल्या, कारण जागा, प्राध्यापक आणि टपालखर्च या तिन्ही गोष्टी तेथेच मिळत होत्या. वार्षिक मेळावा, स्पर्धा आणि अंकांचे परीक्षण करून लेखी अभिप्राय पाठवणे हे त्यांचे काम होते. १९५८ मध्ये डाऊ जोन्स कंपनीच्या पुढाकाराने वृत्तपत्र निधी स्थापन झाला आणि शिक्षकांना उन्हाळी प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. या साऱ्या व्यवस्थेचा रोख कौशल्यावर होता. मुख्याध्यापकाने अंक अडवला तर काय करायचे, या प्रश्नाला तिच्यात जागा नव्हती.

तो प्रश्न व्हिएतनाम युद्धाच्या काळात पुढे आला. आयोवातील डी मॉइन येथे डिसेंबर १९६५ मध्ये युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती लावणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेने घरी पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या दारात पाऊल टाकताना विद्यार्थी वा शिक्षक आपले घटनात्मक हक्क बाहेर सोडून येत नाहीत, असे ‘टिंकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालाचे सूत्र होते. तरीही शाळांतील वृत्तपत्रांवर नियंत्रण सर्रास चालू असल्याचे १९७४ मध्ये रॉबर्ट केनेडी स्मारक संस्थेच्या चौकशीत दिसून आले. त्याच वर्षी विद्यार्थी पत्रकारांना कायदेशीर सल्ला देणारे ‘स्टुडंट प्रेस लॉ सेंटर’ सुरू झाले. कॅलिफोर्नियाने १९७७ मध्ये या स्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदाही केला. बाकीच्या राज्यांना त्याची निकड वाटली नाही; ‘टिंकर’ पुरेसा आहे, असाच समज होता.

तो समज कॅन्ससच्या शेजारी, मिसुरी राज्यातील एका शाळेच्या खटल्याने मोडला. सेंट लुईसजवळच्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलचे ‘स्पेक्ट्रम’ हे वृत्तपत्र पत्रकारितेच्या वर्गातून साधारण दर तीन आठवड्यांनी निघत असे. १९८२–८३ या वर्षी त्याच्या छपाईचा खर्च ४,६६८.५० डॉलर झाला होता, आणि विक्रीतून १,१६६.८४ डॉलर आले होते; बाकीचा भार शाळा मंडळावर होता. पैसा प्रामुख्याने मंडळाचा होता, ही गोष्ट पुढे न्यायालयात महत्त्वाची ठरली. मे १९८३ च्या अंकात शाळेतील गर्भवती मुलींचे अनुभव आणि आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम या विषयांवर लेख होते. मुख्याध्यापकांनी ते लेख असलेली दोन्ही पाने काढून टाकायला सांगितली, त्यामुळे त्या पानांवरचे इतर मजकूरही गेले. या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. वर्षभर वर्ग घेणारा शिक्षक एप्रिलअखेरीस नोकरी सोडून गेला होता आणि मुद्रितांची तपासणी मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा जागेवर नुकताच आलेला बदली शिक्षक होता. लेख वाचवायला जुना शिक्षक पुरेसा ठरला असता असे म्हणता येणार नाही, पण विद्यार्थ्यांच्या बाजूने मुख्याध्यापकांशी बोलू शकेल असा अनुभवी माणूस त्या आठवड्यात वर्गात नव्हता.

तीन विद्यार्थिनींनी दावा लावला. जिल्हा न्यायालयात त्या हरल्या, अपिलात जिंकल्या आणि १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी पुन्हा हरल्या. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानुसार, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघणाऱ्या वृत्तपत्रातील मजकूर शाळेला रास्त शैक्षणिक कारणासाठी रोखता येतो. रास्त कारण कोणते, हे ठरवण्याचा अधिकार साहजिकच मुख्याध्यापकांच्या हाती गेला.

या निकालाने राज्यघटनेच्या आधारे मिळणारे किमान संरक्षण खाली आले. राज्याने त्याहून अधिक देण्यास मात्र मनाई नव्हती. शिक्षक आणि त्यांच्या संघटना ही वाट धरून आपापल्या विधिमंडळांकडे वळल्या. मॅसॅच्युसेट्सने १९८८ मध्ये, आयोवाने १९८९ मध्ये, कोलोरॅडोने १९९० मध्ये आणि कॅन्ससने १९९२ मध्ये कायदा केला. केवळ राजकीय वा वादग्रस्त विषय आहे म्हणून मजकूर दाबता येणार नाही आणि बातम्या, मते व जाहिराती यांचा निर्णय विद्यार्थी संपादकांचा असेल, असे कॅन्ससचा कायदा सांगतो. बदनामीकारक वा अश्लील मजकुराला, तसेच गुन्ह्यास वा शाळेच्या कामकाजात मोठा अडथळा आणण्यास चिथावणाऱ्या मजकुराला तो संरक्षण देत नाही. अंकांची संख्या, लांबी आणि वितरणाची पद्धत यांचे नियम शाळा करू शकते. विद्यार्थ्यांच्या लेखनाबद्दल शाळा मंडळावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. प्रशासनाची भीती कमी करणारी ही तरतूद मोठी व्यवहारी होती, आणि शिक्षकाला अभय देणारी तरतूद तिच्या जोडीला आली. मुख्याध्यापकाला विद्यार्थ्यावर दबाव आणण्याची गरजच पडत नाही. ज्याची नेमणूक दरवर्षी आपल्या हाती असते, त्या शिक्षकाला नुसते सूचित केले तरी काम होते.

तरीही कायद्याचे कागद वर्गात पोहोचवायला कोणीतरी लागते. कॅन्ससमध्ये हे काम लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात असलेल्या राज्य शालेय पत्रकारिता संघटनेकडे आले. स्पर्धा आणि मेळावे चालू राहिलेच, पण नव्या शिक्षकाला कायदा समजावणे आणि अडचणीत त्याच्याशी फोनवर बोलणे हेही तिचे नित्याचे काम झाले. १९२४ मध्ये निघालेल्या, पत्रकारितेच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे कार्यालयही याच राज्यात, मॅनहॅटन येथील कॅन्सस स्टेट विद्यापीठात (हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचे नव्हे) दीर्घकाळ राहिले. ती शिक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते.

या व्यवस्थेची कसोटी २०१७ मध्ये कॅन्ससमधीलच पिट्सबर्ग येथे लागली. तेथील हायस्कूलच्या ‘बूस्टर रिडक्स’ या वृत्तपत्राच्या सहा विद्यार्थ्यांना, नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेने ज्या संस्थेच्या पदव्या सांगितल्या होत्या तिच्या मान्यतेविषयीच शंका आली. वृत्तपत्राच्या सल्लागार शिक्षिका निवड समितीवर होत्या, म्हणून त्या या बातमीपासून दूर राहिल्या आणि त्यांच्या जागी राज्य संघटनेच्या संचालकांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. बातमी मार्चअखेर छापली गेली आणि काही दिवसांतच मुख्याध्यापिकेने पदभार घेण्यापूर्वी राजीनामा दिला. देशभर कौतुक झाले ते विद्यार्थ्यांचे, आणि ते योग्यच होते. पण शिक्षिका बाजूला झाल्यावर विचारायला दुसरे कोणी उपलब्ध असणे हे त्या राज्यात काही दशके केलेल्या कामाचे फळ होते.

इतरत्र गती संथ होती. आर्कान्साने १९९५ मध्ये कायदा केल्यानंतर ओरेगॉनच्या २००७ च्या कायद्यापर्यंत हायस्कूलसाठी ही यादी पुढे सरकली नाही. कॅलिफोर्नियाला आपल्या जुन्या कायद्यात शिक्षकाचे संरक्षण नसल्याची उणीव जाणवली आणि त्यासाठीचा वेगळा कायदा १ जानेवारी २००९ पासून लागू झाला. २०१५ मध्ये नॉर्थ डकोटाने केलेल्या कायद्यापासून ‘न्यू व्हॉइसेस’ ही असे कायदे व्हावेत यासाठीची मोहीम राज्याराज्यांत पसरली. इलिनॉय, मेरीलँड, वॉशिंग्टन, न्यू जर्सी यांनी तसे कायदे केले. ज्या मिसुरीत मूळ खटला घडला, तेथे मात्र विधेयक एका सभागृहात संमत होऊनही दुसऱ्यात अडकत राहिले. कॅन्ससच्या उत्तरेकडच्या नेब्रास्कात, जेथे असा कायदा नव्हता, नॉर्थवेस्ट हायस्कूलचे ५४ वर्षे चाललेले वृत्तपत्र समलिंगी व पारलिंगी विषयांवरील लेखांच्या अंकानंतर २०२२ मध्ये बंद करण्यात आले. अर्थात कायदा असलेल्या राज्यातही विषयच वेळापत्रकातून काढला किंवा शिक्षक गेल्यावर पद भरले नाही, तर वृत्तपत्र कोणताही नियम न मोडता संपते.

अलीकडे दबावाचे स्वरूपही बदलले आहे. लॉरेन्स हायस्कूलच्या विद्यार्थी पत्रकारांनी २०२४ मध्ये शाळा जिल्ह्याच्या नव्या देखरेख सॉफ्टवेअरला हरकत घेतली. विद्यार्थ्यांच्या खात्यांतील फायली तपासणाऱ्या या यंत्रणेच्या हाती त्यांची टिपणे आणि अप्रकाशित मसुदे लागत होते. चर्चेनंतर पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या फायली देखरेखीतून वगळण्यात आल्या. १९९२ चा कायदा लिहिताना मुद्रिते कागदावर मुख्याध्यापकांच्या टेबलावर जात असत. मसुदा लिहिला जात असतानाच वाचणाऱ्या यंत्राचा उल्लेख त्यात कोठेही नाही.