कांदेनवमीनंतर शांत होणारे पोट

आषाढात कांदेनवमी झाली की अनेक घरांतून कांदा-लसूण चार महिने हद्दपार होतो, आणि त्याच काळात पोटाचा त्रास कमी असतो असे सांगणारे काही जण हमखास भेटतात. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणजेच आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार उद्भवणारा विकार) असलेल्या व्यक्तीने असे सांगितले, तर ते मनाचे खेळ म्हणून झटकून टाकू नये. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते. ती कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो.

मग त्रास काहींनाच का होतो? वायूमुळे आतडे ताणले जाणे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, परंतु आयबीएसमध्ये आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली असल्याने तोच ताण कळ म्हणून जाणवतो. म्हणूनच दुर्बिणीच्या तपासणीत आतडे निरोगी दिसते आणि तरीही रुग्णाचे दुखणे खरे असते.

मेंदू आणि आतडे यांच्यात संदेशांची दुहेरी वाहतूक सतत चालू असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना क्ष-किरणांत उठून दिसणारे बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली पाहिले, तेव्हा मांजर अस्वस्थ होताच तिच्या जठराची हालचाल थांबत असल्याचे दिसले. माणसात मानसिक ताणामुळे जठर मंदावते, तर मोठ्या आतड्याची हालचाल बहुधा वाढते. त्यातच जेवणानंतर मोठे आतडे स्वाभाविकपणे जोराने आकुंचन पावते. त्यामुळे दिवसभर तणावात, चहावर काढून रात्री घाईघाईत भरपेट जेवणारा माणूस दोन्ही कारणे एकाच वेळी ओढवून घेतो. ठरावीक वेळी, थोडे आणि सावकाश जेवणे, चहा-कॉफी तीन कपांच्या आत ठेवणे आणि नियमित चालणे हे उपाय साधे वाटतात, पण औषधांच्या आधी तेच करून पाहावेत.

स्वयंपाकातही थोडी युक्ती चालते. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून, पाणी घालण्यापूर्वी काढून टाकला, तर फोडणीला स्वाद मिळतो आणि पोट बचावते. कडधान्ये भिजवलेले पाणी फेकून देण्याचा फायदाही याच जातीचा.

शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, रक्तक्षय होणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ येणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असल्यास मात्र आहाराचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे.

पथ्य कायमचे नसते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘लो-फॉडमॅप’ पद्धतीत फ्रुक्टानसारख्या, न पचता आंबणाऱ्या शर्करा (फॉडमॅप) असलेले पदार्थ दोन ते सहा आठवडेच, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, टाळायचे असतात आणि नंतर एकेक करून परत आणायचे असतात. तेव्हा कार्तिकी एकादशीनंतर कांदा ताटात परतला, तर तो आधी चमचाभर आणि एकटाच यावा. त्याच दिवशी मिसळ-पाव खाल्ला, तर पोट कशाने बिघडले ते कळणार नाही.