जुन्या गृहोपयोगी वस्तूंवरील सजावट (कोल्हापूर)

वापरातून बाद झालेले डबे, बाटल्या, माठ, सुपे, पाट, ट्रंका यांवर रंग, कागद, कापड किंवा सुतळीने घरच्या घरी केलेले नक्षीकाम. कोल्हापुरात गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर या कामाला जोर येतो. लेस, टिकल्या, मणी असले सामान महाद्वार रोडच्या दुकानांत मिळून जाते.

हा छंद नवा वाटला तरी त्याची मुळे या भागातल्या घरांत जुनी आहेत. फाटक्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवताना रंगीत ठिगळांची मांडणी बायका मन लावून करत. रद्दी कागद भिजवून, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या, सगळे एकजीव होईतो कुटायचे आणि तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची, ही रीतही घरोघरी होती. मेथ्यांमुळे लगद्याला चिकटपणा येतो. त्याच लगद्याने सुपाच्या भेगा लिंपत. आजच्या कोणत्याही महागड्या ‘क्ले’इतकेच हे साहित्य गुणी आहे आणि ते पुन्हा वापरात यायला हवे.

कोणती पद्धत वापरायची हे वस्तूचा पृष्ठभाग ठरवतो. काच गुळगुळीत, तिच्यावर साधा रंग टिकत नाही. म्हणून बाटलीला एकतर पॉलिश पेपरने खरबरीत करतात किंवा फेविकॉल लावून सरळ सुतळी गुंडाळतात. मातीचे भांडे सच्छिद्र असते. त्यावर गेरूचा हात देऊन पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढणे सर्वांत सोपे. मात्र पाण्याच्या वापरातला माठ रंगवू नये, कारण छिद्रे बुजली की पाणी गार होणे थांबते.

लाकडी पाट आणि ट्रंकांवर डिकुपाज शोभते. चिनी-जपानी लाखकामाला स्वस्त पर्याय म्हणून १८व्या शतकात व्हेनिसमध्ये ही पद्धत बहरली. चित्रे कापून चिकटवायची आणि वर वॉर्निशचे हात द्यायचे, एवढेच तिचे सूत्र. छापील पेपर नॅपकिनचे पदर सोडवून फक्त वरचा चित्राचा पदर घेतात. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, त्यामुळे मागची बाजू ओली करून अलगद सोलावी लागते. गव्हाच्या खळीने चिकटवलेला कागद कसर खाते. बुकबाइंडर म्हणूनच खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने स्वयंपाकघरातल्या वस्तूंना ती खळ वापरू नये.

नवशिक्यांना सर्वाधिक आनंद देते ती तड्यांची पद्धत. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा सोड्याच्या गरम पाण्याने धुवून तेलाचा अंश पार काढायचा, गंज घासायचा, मेटल प्रायमर द्यायचा. त्यावर गडद अॅक्रिलिक रंग. तो वाळला की फेविकॉलचा हात, आणि फेविकॉल बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी फिकट रंगाचा एकच फटकारा. त्याच जागी ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की काम बिघडले. वरचा रंग लवकर सुकून आकसतो, खालचा गोंद अजून मऊच असतो, त्यामुळे डोळ्यांदेखत तडे उघडत जातात आणि त्यांतून खालचा गडद रंग दिसू लागतो. गोंद जाड लावला तर तडे रुंद, पातळ लावला तर बारीक.

हे काम उन्हाळ्यात उरकावे. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत गोंद लवकर सुकत नाही, तडे नीट पडत नाहीत आणि वॉर्निश न दिलेला फेविकॉल पांढुरका होऊन सुटतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरात भिजलेल्या लाकडी सामानाबाबत तर आणखी धीर लागतो: लाकूड आतून वाळले नसेल तर वरच्या रंगाला फोड येतात. अशी वस्तू आधी धुवून, गाळ काढून, सावलीत वाऱ्यावर पुरती सुकवावी. कडक उन्हात ती पिळवटते.

काही वस्तू मात्र आहेत तशाच ठेवाव्यात. तांब्या-पितळेची भांडी, जुन्या सागवानी पाटावरची कोरीव नक्षी, चिनी मातीच्या बरण्यांची मूळ झिलई यांवर रंग चढवणे म्हणजे चांगल्या कारागिराचे काम झाकणे होय; त्यांना चिंच, तेल आणि मऊ फडके पुरते. खाण्याचे पदार्थ ठेवायच्या डब्यांना आतून किंवा काठावर रंग, वॉर्निश लावू नये. सजावट बाहेरच्या बाजूला, काठापासून दोन बोटे खाली.