सात नवे पैसे आणि चौतीस पाने : 'सकाळ' खटल्याची पार्श्वभूमी

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याला टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले आठवतात. १९६१ चा 'सकाळ'चा खटला मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरताच उरला आहे, आणि मला ते खटकते. त्यात ना जहाल अग्रलेख होता, ना तुरुंगवास. सात नव्या पैशांत वाचकाला किती पाने द्यायची हे संपादकाने ठरवायचे की सरकारने, एवढाच वाद होता.

डॉ. ना. भि. तथा नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. त्या काळचा पुणेकर पत्र घ्यायचा तो मुख्यतः अग्रलेखासाठी. 'केसरी'चा दबदबा होता. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते आणि तिथली दैनिके त्यांनी जवळून पाहिली होती. बातमीला आधी जागा आणि मताला नंतर, हा क्रम त्यांनी लावला. जिल्ह्या-तालुक्यांतले बातमीदार जोडले. पत्र कुठल्या पक्षाला बांधले नाही. अशा पत्राला आधार दोनच : अंकाची विक्री आणि जाहिराती.

नेमका त्याच आधाराला हात लागला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. भांडवलदारांची बडी पत्रे स्वस्तात भरपूर पाने देऊन छोट्या पत्रांना मारतात, म्हणून पानांप्रमाणे किंमत बांधून द्यावी, अशी त्यातली एक शिफारस होती. चिंता खरी होती, हे मान्यच करायला हवे. त्यातून १९५६ चा कायदा आला आणि १९६० मध्ये त्याखालचा आदेश निघाला. पुरवण्या किती काढायच्या, यावरही त्यात बंधन होते.

'सकाळ'चा हिशेब तेव्हा असा होता : आठवड्यातले पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांची चौतीस. किंमत सात नवे पैसे, जुन्या एका आण्याहून किंचित जास्त. रविवारचा अंक दहा पानांचा, बारा नव्या पैशांना. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून रोजचा खप ५२ हजार, रविवारी ५६ हजार. साधारण चाळीस टक्के जागा जाहिरातींची. आदेशाप्रमाणे सात नव्या पैशांत सहा दिवसांची चोवीसच पाने देता आली असती. दहा पाने कापायची, नाहीतर दर वाढवून गिऱ्हाईक गमवायचे. ज्या प्रादेशिक पत्रांच्या भल्यासाठी कायदा केला म्हणायचे, त्यांतलेच एक त्यात भरडले जाणार होते.

'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. सोबत दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या, आणि या सगळ्या प्रकरणात मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या पत्राची पाने कमी होणे हा आपलाही तोटा आहे, असे म्हणत वाचक थेट दिल्लीच्या न्यायालयात उभा राहिला.

सरकारचे म्हणणे, आम्ही मजकुराला हात लावत नाही, फक्त धंद्याचे नियमन करतो. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी ते फेटाळले. निकालपत्र न्या. ज. र. मुधोळकर यांनी लिहिले. मत मांडण्याच्या हक्कात ते किती लोकांपर्यंत न्यायचे आणि किती विस्ताराने मांडायचे, हेही येते, असे न्यायालयाने म्हटले. धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात. पण भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी बंधने घालता येतील, हे राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये ठरलेले आहे आणि सार्वजनिक हित हे कारण त्यात नाही. कायद्याचे मुख्य कलम आणि त्याखालचा आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरले.

पुढे कागदटंचाईचे कारण देऊन केंद्र सरकारने दैनिकांवर दहा पानांची मर्यादा घातली. तिच्याविरुद्ध 'टाइम्स ऑफ इंडिया'ची मालक कंपनी बेनेट कोलमन न्यायालयात गेली. १९७२ मध्ये ती मर्यादा रद्द करताना न्यायालयाने आधार घेतला तो पुण्याच्या या मराठी दैनिकाच्या खटल्याचा.