पत्रा वितळतो, साल वितळत नाही

व्हिंटेज गाड्यांची रॅली निघाली की हमखास ऐकू येतं: जुन्या गाड्या म्हणजे जाडजूड अस्सल लोखंड, ॲल्युमिनियमची बॉडी आणि विजेची मोटार ही आत्ताची फॅडं. पण 29 एप्रिल 1899 रोजी कामिल जेनाट्झीने पॅरिसजवळ ताशी 105.88 किलोमीटरचा विक्रम केला, तो विजेच्या गाडीतच. तिची बॉडी होती पार्टिनियम नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची.

पुढची वीसेक वर्षं युरोपातल्या अनेक उंची गाड्यांचा सांगाडा ॲश लाकडाचा असे आणि त्यावर 16 किंवा 18 गेजचा, म्हणजे 1.6 किंवा 1.2 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. वजन पोलादाच्या एक तृतीयांश आणि दोन्ही अंगांनी गोलावा हातोडीने काढता येतो. ठोकून ठोकून तो कडक झाला की कारागीर निव्वळ ॲसिटिलीनच्या ज्योतीने त्यावर काजळी धरायचे, मग ऑक्सिजन सोडून ती काजळी जेमतेम उडेपर्यंत तापवायचे. पत्रा पुन्हा नरम. हे जवळजवळ शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम असे. आज जाहिरातीत ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ असं दिसलं तर आधी मिश्रधातूचा क्रमांक विचारावा. नुसत्या त्या शब्दांना काही अर्थ नाही.

खरी कसोटी जोडाची. सुरुवातीला दोन पत्र्यांच्या कडा लाकडी खांबावर भिडवून बारीक खिळे मारत आणि वरून पट्टी ठोकून सांधा झाकत. अखंड गोलाव्यात अशी पट्टी कुठे लपवणार? तिथे वेल्डिंगच हवं. ॲल्युमिनियम वितळतं 660 अंश सेल्सिअसला. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडची साल धरते, आणि ती वितळते 2000 अंशांच्याही वर. आत धातूचं पाणी, वर न वितळलेली पिशवी. दोन कडांची पाणी शेजारी असूनही एकजीव होत नाहीत. साल फोडली तर तिचे तुकडे धातूपेक्षा जड, म्हणून ते तरंगत नाहीत, सांध्यातच अडकतात. त्यात लोखंडासारखी लाली चढत नाही. दिवसाउजेडी पत्रा होता तसाच दिसतो आणि पुढच्या क्षणी भोक पडतं.

उपाय फ्लक्सचा: सोडियम, पोटॅशियम, लिथियम यांचे क्लोराइड आणि थोडं फ्लोराइड. हे मिश्रण धातूच्या किंचित आधी वितळतं आणि फ्लोराइड ऑक्साइडला विरघळवतं. सांध्यात वितळवून भरायला त्याच पत्र्याची कातरलेली पट्टी चालते. पण उरलेला फ्लक्स हवेतला ओलावा ओढून धातू खातो आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात. म्हणून गरम पाणी आणि ब्रशने दोन्ही बाजू धुवायच्या. सांगाड्यावर चढवल्यावर आतली बाजू हाताला लागत नाही, त्यामुळे वेल्डिंग आधी, चढवणं नंतर. निवताना सांधा आकसून आजूबाजूचा पत्रा ओढतो. तो मागे डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने हलके ताणून काढायचा.

पोलादात ही कटकट नाही. लोखंडाचा ऑक्साइड सुमारे 1370 अंशांना वितळतो, पोलाद त्याहून शंभरेक अंश वर, त्यामुळे मळी आपोआप पातळ होऊन बाजूला सरते. स्पॉट वेल्डिंगमध्येही तेच. दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून प्रवाह सोडला की मधला बिंदू विजेला होणाऱ्या रोधामुळे तापून जुळतो. पोलादाची रोधकता ॲल्युमिनियमच्या पाच-सहा पट, म्हणून कमी प्रवाहात काम होतं.

अमेरिकेत फिलाडेल्फियात गाड्यांच्या बॉडी बनवणारा एडवर्ड बड आणि त्याचा इंजिनिअर जोसेफ लेडविन्का यांनी नेमका हाच रस्ता धरला आणि डॉज बंधूंच्या गाड्यांना पोलादी पत्रे वेल्ड केलेल्या बॉडी पुरवल्या. मोठा फायदा रंगात झाला. लाकडी सांगाड्यावरचं व्हार्निश थरामागून थर हवेवर वाळवायला आठवडे लागत. पोलादी बॉडी मात्र सरळ भट्टीत घालून रंग काही तासांत भाजता येई. लाकूड त्या भट्टीत घातलं असतं, तर सगळे सांधे सुकून सुटून आले असते.