खळ, पीव्हीए आणि पाच दिवसांची चाचणी

सोलापूरच्या पूर्व भागात मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्याला खळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उभा धागा मागावर घासून तुटू नये म्हणून ती लावायची आणि विणलेला कोरा माल रंगवायच्या आधी धुऊन काढायची. १८७७ साली इथे कापडगिरणी सुरू झाली, तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. त्या काळच्या गिरण्यांतली खळ स्टार्चची, म्हणजे मुळात अन्नाचीच. ती नाल्यात गेली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि वास सुटतो. पुढे कृत्रिम धाग्याबरोबर कापडधंद्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, आलं. ही खळ वापरली की सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणू ओढतात तो ऑक्सिजन, खाली येतो. पण बीओडी खाली आला म्हणजे पाणी सुधारलं असं मला वाटत नाही. का, ते कळायला बीओडी मोजायच्या चाचणीच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

इंग्लंडमधल्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ साली आपल्या आठव्या अहवालात बीओडीची चाचणी पक्की केली. पाण्याचा नमुना ६५ अंश फॅरनहाइटला ५ दिवस ठेवायचा आणि त्यातल्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन घेतला ते मोजायचं. तिथल्या नद्या ५ दिवसांच्या आत समुद्राला मिळतात, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. आपली सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला, आणि समुद्र तर पार आंध्रात! भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सियसला ३ दिवसांची करतात. नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, तर सीओडीची, म्हणजे पाण्यातलं सगळं रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनची, २५०. बीओडीच्या चाचणीला एकच गोष्ट कळते: नदीचा ऑक्सिजन लगेच किती ओढला जाईल. जे जिवाणूंनी खाल्लंच नाही, ते तिला दिसत नाही.

पीव्हीए नेमकं इथेच निसटतं. रासायनिक सूत्रावरून हिशेब केला तर १ किलो स्टार्च पूर्ण जळायला सुमारे १.१९ किलो ऑक्सिजन लागतो, १ किलो पीव्हीएला १.८२. म्हणजे पाण्यावरचं खरं ओझं पीव्हीएचंच जास्त. तरीही थोड्या दिवसांच्या चाचणीत त्याचा बीओडी नगण्य येतो, कारण सरावाचे नसलेले जिवाणू त्याला तोंड लावत नाहीत. सीओडीत मात्र ते पुरेपूर मोजलं जातं. म्हणून अहवालात बीओडी छान आणि सीओडी चढा दिसला, तर समाधान मानू नये.

हा धडा जगाला आधी साबणाच्या फेसाने शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या डिटर्जंटच्या रेणूला फाटे फुटलेली शेपटी होती. जिवाणू शेपटी टोकाकडून कुरतडत येतात आणि फाट्यापाशी अडतात. सांडपाण्याच्या टाक्यांवर, नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, १९६४पासून ८० टक्के विघटनाची अट लागू झाली आणि कारखान्यांनी सरळ शेपटीचा रेणू आणला. रसायन बाजारात येण्याआधीच त्याचं विघटन तपासायचं, हा विचार त्यातून रुजला. जपानमध्ये १९६८ साली खाण्याच्या तेलात पीसीबी हे कारखान्यातलं विषारी रसायन मिसळून माणसं आजारी पडली. त्यानंतर १९७३च्या कायद्याने नव्या रसायनांची अशी तपासणी सक्तीची केली. जपानी चाचणीत १० वेगवेगळ्या ठिकाणांहून गाळ आणि पाणी गोळा करतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

या सगळ्याची घडी १९८१ साली ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेने बसवली. ३०१ क्रमांकाच्या चाचण्या कडक: जिवाणू थोडे, त्यांना त्या रसायनाची सवय नाही, खायला दुसरं काही नाही. २८ दिवसांत, ऑक्सिजनच्या मापाने, ६० टक्के विघटन हवं, आणि १० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यावर पुढच्या १० दिवसांत तिथवर पोचायला हवं. ३०२बी, म्हणजे त्सान-वेलेन्स चाचणी, मुळात १९७४ची आणि बरीच सैल: गाळ भरपूर, सवयीलाही वाव. ३०३मध्ये तर प्रक्रिया केंद्राची छोटी प्रतिकृतीच चालवतात.

पीव्हीए पहिल्या दारात, म्हणजे ३०१मध्ये, अडतं; दुसऱ्यात, ३०२बीमध्ये, शिरू शकतं. त्यावर जगणारा स्यूडोमोनास जिवाणू जपानी संशोधकांनी १९७३ सालीच नोंदवला होता. पण तसे जिवाणू टाकीत वाढायला आठवडे लागतात. नवा ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, सुरू करताना टाकीत शेणाचा काला सोडायची आपल्याकडे रीत आहे. स्टार्चसाठी ती सुरुवात पुरेशी ठरते. पीव्हीएसाठी मात्र तो गाळ सावकाश, थोडं थोडं पीव्हीए देत तयार करावा लागतो, आणि कारखाना महिनाभर बंद राहिला की सवय मोडते.

रंगांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. टाकीतून पाणी फिकट होऊन बाहेर पडतं आणि वाटतं, रंग संपला. तो पुष्कळदा गाळाला चिकटलेला असतो. अ‍ॅझो या जातीच्या रंगांच्या रेणूतलं रंग देणारं बंधन हवा नसलेल्या टाकीत तुटतं, पण मागे त्याचे तुकडे, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं, उरतात. त्यांना संपवायला पुन्हा हवेची टाकी लागते. त्सान-वेलेन्समध्ये पहिल्या ३ तासांत जी घट दिसते ती बहुधा चिकटण्याची धरतात, ती याचसाठी.

तेव्हा खळीच्या पिंपासोबत आलेल्या कागदावर नुसतं ‘९० टक्के विघटनशील’ लिहिलेलं असेल, तर पुरवठादाराला विचारावं: चाचणी ३०१ की ३०२? किती दिवस? गाळ सवयीचा होता का? पहिल्या ३ तासांचा आकडा काय? आणि जमलं तर तीच चाचणी आपल्याच टाकीतल्या गाळावर करून घ्यावी.