‘पगार भागिले १६०’ हा फ्रीलान्सरचा दर नव्हे

नोकरी सोडून कॅड (संगणकावरची) ड्रॉइंग, डीटीपी किंवा कन्नड-मराठी भाषांतराची कामं घरून घेणाऱ्यांना बेळगाव-निपाणीकडे एक सल्ला हमखास मिळतो: जुन्या पगाराला महिन्याच्या १६० तासांनी भागा, तोच तुमचा दर. पगार ४०,००० असेल तर तासाला २५० रुपये. हा हिशेब साफ चुकीचा आहे. नोकरीत चहाच्या वेळेचेही पैसे मिळतात, गिऱ्हाईक ते देत नाही.

वर्षाचे कामाचे दिवस २६०. गणपती, दिवाळी, गावची यात्रा, आजारपण यांचे ३० वजा करा. उरले २३०, रोज ८ तासांप्रमाणे १,८४० तास. त्यातले बिलात लागणारे ६० टक्के धरून चला, म्हणजे सुमारे १,१००. बाकीचे कोटेशन, फोन, थकलेल्या बिलाचा तगादा यांत जातात. आता वर्षाच्या ४,८०,००० मध्ये सॉफ्टवेअर, इंटरनेट, इन्व्हर्टर, विमा यांचे समजा १,२०,००० मिळवा आणि १,१०० ने भागा: ५४५ रुपये. २५० ने काम केलंत तर खर्च जाऊन महिन्याला जेमतेम १३,००० हातात राहतात.

तुमचे किती टक्के तास बिलात लागतात ते काढायला दोन आठवडे दर १५ मिनिटांची नोंद ठेवा. सर्वांत जास्त गळती दुरुस्त्यांत होते, म्हणून कोटेशनमध्येच लिहा: दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून तासाप्रमाणे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कास्टिंगचं (ओतीव भागाचं) माप घ्यायला गेलात, तर जाण्यायेण्यासकट तो वेळ बिलात धरा. आणि गिऱ्हाइकाने मापच बदललं, तर ती दुरुस्ती नव्हे, नवं काम.